पुरुष, सत्तेचाळीस, डावी बाजू

४ ऑक्टोबर १९९८

प्रिय इर्मावहिनी,

सोबत एक कागद आहे. तू आधी वाच आणि मग जेवण झाल्यावर दादापुढे ठेव. उपाशीपोटी तो कशावरच सही करत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ऑपरेशनची तारीख सत्तावीस नक्की झाली. गाठ मेंदूत, डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, बरीच खोल आहे. तिथपर्यंत हात पोचायला सर्जनना वरचा थोडा भाग काढावा लागतो. एरवी तो बादलीत जातो. तो आमच्या प्रयोगशाळेला द्यावा, एवढंच या कागदात लिहिलंय. दादाचं त्यात काही जास्त जात नाही आणि आम्हाला फार उपयोग होतो. नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही, पण हो म्हणालात तर बरं वाटेल.

तू दर ईस्टरला विचारतेस, गिझी, तू तिथे नेमकं करतेस तरी काय, आणि मी दर वेळी हसण्यावारी नेते. आज सांगते. मेंदूचा पातळ काप काचेवर घेतलेला असतो आणि त्यातली एखादीच पेशी काळ्या रंगाने भरलेली असते. सूक्ष्मदर्शकाला एक आरशाची नळी जोडली की पेशी आणि कागदावरचा माझा हात, दोन्ही एकाच वेळी दिसतात. मग मी पेशीच्या फांद्या पेन्सिलने कागदावर उतरवत जाते. एकेका पेशीला चार-पाच दिवस लागतात. सोळा वर्षं उंदरांच्या पेशी काढल्या, गेली दोन वर्षं माणसांच्या काढते आहे. माणसाची पेशी म्हणजे उंदराचीच मोठी केलेली, की तिची घडणच वेगळी, हे प्रोफेसरांना दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय.

दादाला म्हणावं, घाबरू नकोस, मी इथेच आहे.

तुझी,
गिझी

&nbsp;

११ ऑक्टोबर

प्रिय गिझी,

डेनेशने सही केली. आधी दोन ताटल्या बटाटे हाणले, मग म्हणाला, "आण तो कागद. गिझीला माझं डोकं लहानपणापासून हवंच होतं."

उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक शोधायला तुम्हाला अठरा वर्षं लागली? मला विचारायचं होतंस. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितला असता. उंदीर निदान आवाज झाला की पळतो.

थट्टा करते, कारण दुसरं काही सुचत नाही. आलुबुखाराचा मुरंबा या वर्षी करपला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मी ढवळत होते आणि हा माझ्या बाजूला उभा राहून म्हणाला, "जळकी पिसं कोण टाकतंय?" पिसं कुठेच नव्हती. आता आठवड्यातून तीन-चारदा त्याला तो वास येतो. वास आला की डोळे स्थिर होतात आणि मिनिटभर तो तिथे नसतो. सप्टेंबरात तसाच शिडीवरून पडला, ते तुला कळवलं नव्हतं. खरचटण्यावर भागलं.

सर्जनना सांग, हा आपला माणूस आहे. असं सांगायची पद्धत नसेल, तरी सांग. तू त्या इमारतीत आहेस, या एकाच गोष्टीवर मी धीर धरून आहे. बोद्री कुत्र्याला शेजारी बघतील, बदकांनाही बघतील. सव्वीसला सकाळच्या बसने आम्ही येतो.

इर्मा

&nbsp;

६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू जनावरांसाठी परत गेलीस ते बरंच केलंस. इथे बसून तू फक्त नर्सशी भांडली असतीस.

दादा ठीक आहे. गाठ जवळजवळ सगळी निघाली, असं सर्जन म्हणतात. ताप नाही. टाके सुकताहेत. काल सूप प्यायला आणि तोंड वाकडं केलं, म्हणजे चव शाबूत आहे. बोलतो कमी. काही शब्द अडतात. सूज आहे, ती उतरेल तसं येईल म्हणतात. तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "ती कुठे?" मी म्हटलं, "बदकांकडे." तर हसला.

सर्व संतांच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावलीस का? मला येता आलं नाही. कामाचा ढीग पडलाय. सकाळी आठला जाते ती अंधार पडल्यावरच बाहेर येते, मान धरून जाते. दुसरं विशेष काही नाही.

तुझी,
गिझी

&nbsp;

१३ डिसेंबर

प्रिय गिझी,

सूज उतरली असेल, शब्द आले नाहीत.

काल डुक्कर कापलं. दर वर्षी कापतो तसंच. डेनेशच्या हाताला काही झालेलं नाही. पहाटे उठला, पाणी तापवलं, सुऱ्या लावल्या, आणि मग माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "ते दे." मी म्हटलं, काय? "ते. ते कापायचं." सुरी त्याच्या डाव्या हातातच होती. त्याला परातीला परात म्हणता येईना, मिठाला मीठ. लसणाला तो "पांढरं वाईट" म्हणाला आणि सगळे हसले, तोही हसला. मग पाद्रीबाबा वाट्याचं सॉसेज न्यायला आले, त्यांना त्याने "या, बोकड" म्हटलं. कोणी हसलं नाही. त्यांना दाढी आहे, म्हणून त्याचं तसं झालं असणार.

मला तो "ही" म्हणतो. तेवीस वर्षं इर्मा म्हणत होता, रागात असला की इर्मुश्का. आता "ही." परवा मी आरशासमोर उभं राहून माझंच नाव मोठ्याने घेतलं, त्याने ऐकावं म्हणून. ऐकलं त्याने. ओठ हलवले. आलं नाही. मग तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, दुपारपर्यंत.

गिझी, आडून विचारत नाही. तुमच्याकडे तो तुकडा आला असेल ना? तू बघितलास का? शब्द त्याच्यात होते का? आणि तो सडलेला होता ना, म्हणून काढला ना?

डॉक्टर म्हणतात वाट बघा. मी त्यांना काय विचारायचं तेच मला कळत नाही. तुला कळतं.

इर्मा

&nbsp;

१९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून रडले. खोटं सांगत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की आमच्याकडे कोणाचं काय येतं हे आम्हाला कळत नाही. नियमच तसा आहे. डबा येतो तेव्हा त्याच्यावर नाव नसतं, पत्ता नसतो. कोणी विचारतही नाही. मी विचारलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि ते योग्यच झालं असतं. शिवाय एका पेशीत शब्द वगैरे नसतात, वहिनी. पेशी म्हणजे नुसत्या फांद्या.

तुला बघायचं होतं म्हणून माझ्या दोन चित्रांच्या झेरॉक्स पाठवते. लहान आहे ती उंदराची. बघ कशी आटोपशीर आहे, आखडती, सगळी एका कापात मावते. मोठी आहे ती माणसाची. तिच्या फांद्या कितीतरी लांब, एका फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंतचं अंतरही मोठं. उंदीर नुसता मोठा केला तर अशी होणार नाही, एवढं आता मला दिसायला लागलंय. फांदीच्या टोकाला भरीव ठिपका असेल तर ती तिथे आपोआप संपली. आडवी रेघ असेल तर ती काप घेताना आमच्या पात्याखाली तुटली. दादाला दाखव. त्याला झाडांचं कळतं.

नाताळाला येत नाही. प्रोफेसरांचा अहवाल जानेवारीत जायचाय. माझ्या वाटचा खसखशीचा रोल बोद्रीला दे.

तुझी,
गिझी

&nbsp;

२४ जानेवारी १९९९

गिझी,

चित्रं मिळाली. मी ती फडताळावर लावली होती. डेनेश रोज जाता-येता बघायचा. रविवारी प्रार्थनेहून आलो तर त्याने मोठं चित्र काढून टेबलावर पसरलं, सुताराची लाल पेन्सिल घेतली आणि टोकं बघायला लागला. एकेक टोक, जवळ वाकून, आपल्या जर्दाळूंची झाडं फेब्रुवारीत छाटणीआधी बघतो तसं. मी बटाटे सोलत होते. थोड्या वेळाने त्याने मला ओढून नेलं. नऊ ठिकाणी तू भरीव ठिपका दिलायस, त्यावर त्याने लाल रेघ मारली होती. बोट ठेवून म्हणाला, "कापलंय." पुढच्यावर, "कापलंय." नऊच्या नऊ वेळा. तो शब्द त्याला आला, गिझी. तो एक शब्द अगदी स्वच्छ आला.

मी म्हटलं, गिझी शिकलेली आहे, ती चुकेल का? तर त्याने फांदी दाखवली, केवढी जाड आहे ती, आणि मग दुसरी दाखवली, बारीक होत होत संपलेली. जाड फांदी अशी मध्येच संपत नाही, हे मलाही कळलं. तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला तर कळणारच. सोबत चित्र परत पाठवते आहे, तुझी चूक दुरुस्त कर.

आता दुसरं. तो टोकं बघत होता तेव्हा मी कोपरा बघितला. बारीक अक्षरात लिहिलंय: "पुरुष, ४७, डावी बाजू, २७ ऑक्टोबर, सकाळ."

नाव नाही, खरंय. पत्ताही नाही. सत्तावीस ऑक्टोबरला सकाळी सत्तेचाळीस वर्षांचे किती पुरुष तिथे डावी बाजू उघडून पडले होते?

तू माझ्या घरात, माझ्या फडताळावर, माझ्याच नवऱ्याचा तुकडा नाताळची भेट म्हणून पाठवलास आणि मला वर नियम शिकवलास. डेनेशला मी सांगितलेलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटतं, त्याला माहीत आहे.

आता खरं लिही. तो भाग सडलेला होता का? आणि तुम्हाला हवा होता म्हणून जास्त काढला का? या दोनच प्रश्नांची उत्तरं दे. हवापाण्याचं लिहू नकोस.

इर्मा

&nbsp;

२ फेब्रुवारी

वहिनी,

नाही. तो सडलेला नव्हता. आम्हाला सडलेला चालतच नाही. गाठीच्या वाटेत असलेला चांगला भाग येतो, म्हणूनच तो आमच्या कामाचा असतो. ऑक्टोबरातल्या पत्रात मी "वरचा थोडा भाग" असं लिहिलं होतं. "चांगला" हा शब्द मी लिहून खोडला होता आणि पत्र पुन्हा उतरवून काढलं होतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. जे घडलं ते लिहिते.

उंदराची पेशी कापात पूर्ण मावते. माणसाची मावत नाही. सर्जनकडून तुकडे यायचे घेवड्याच्या दाण्याएवढे, आणि त्यात पेशींचे हात सगळीकडून तुटलेले. तुटलेल्या हातांनी तुलना कशी करायची? उंदीर पूर्ण आणि माणूस थोटा. दोन वर्षं मी तेच काढत होते आणि वैतागले होते. ऑगस्टमध्ये मी एक चिठ्ठी लिहिली: "तुकडे फार लहान येत आहेत. फांद्या तुटतात. कृपया मोठे द्यावेत, शक्यतो अखंड." खाली सही प्रोफेसरांची, पण मजकूर माझा, अक्षर माझं. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर टाचणीने मीच लावली. त्यानंतर मोठे तुकडे यायला लागले. मी खूश होते, वहिनी. मी सर्जनना माझ्या हातचा केक नेऊन दिला होता.

सत्तावीसला डबा घ्यायला मीच गेले. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. मला वाटलं, दादाचं आहे, दुसऱ्याच्या हातात कशाला. जिना उतरताना बघितलं. जर्दाळूच्या बीएवढा होता. इतका मोठा आणि इतका छान तुकडा आम्हाला कधीच मिळाला नव्हता. प्रोफेसर "वा!" म्हणाले. त्यातल्या अकरा पेशी रंगल्या. अकराही मीच काढल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्या नऊ टोकांवर मी ठिपके दिले, कारण माझं लक्ष नव्हतं, आणि कदाचित ती तुटलेली दिसायला नको होती म्हणूनही. अहवाल थांबवून दुरुस्ती केली. दादाच्या लाल रेघा सगळ्या बरोबर आहेत. काच पुन्हा बघितली, नऊही टोकं पात्याखाली गेलेली आहेत.

कोपऱ्यातल्या ओळीबद्दल काय लिहू. आम्ही सगळे ती ओळ वर्षानुवर्षं प्रत्येक चित्रावर लिहितो आणि तिला नाव मानत नाही. झेरॉक्स करताना ती मला दिसलीच नाही.

तुझं पत्र आल्यावर सर्जनकडे गेले. म्हटलं, त्या चिठ्ठीमुळे तुम्ही माझ्या भावाचं जास्त काढलंत का? ते हात धूत होते. म्हणाले, "तुमची चिठ्ठी भिंतीवर होती. मी डोक्यात बघत होतो. लागलं तेवढं काढलं." मी म्हटलं, "चिठ्ठी नसती तरी तेवढंच?" त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "गिझेलाबाई, हे मला विचारू नका."

चिठ्ठी मी काढून फाडली. त्याचा आता दादाला काय उपयोग.

हे पत्र त्याला वाचून दाखव. लपवू नकोस. मी त्याची माफी मागते. त्याने मला शिव्या द्यायच्या असतील तर देऊ देत. तो सांगेल ते मी करीन. काम सोड म्हणाला तर त्याच दिवशी सोडीन. त्याचं जे काही उत्तर असेल ते मला कळव, वहिनी. वाईट असलं तरी कळव.

गिझी

&nbsp;

११ एप्रिल

वहिनी,

दोन महिने झाले. रोज पेटी बघते. ग्रामसभेच्या कार्यालयात फोन केला होता, तिथला माणूस म्हणाला, दादा फारसा बाहेर दिसत नाही. इथे वॉर्डमध्ये कळलं की मार्चच्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली आणि तुम्ही दुसऱ्या ऑपरेशनला नाही म्हणालात. खरं आहे का? मी यायला निघाले होते, बसच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. तू ये म्हणाल्याशिवाय दारात उभी राहायची माझी हिंमत नाही.

तो काय म्हणाला, एवढं लिही. एका ओळीत लिही.

गिझी

&nbsp;

२० जून

गिझी,

डेनेश आठ तारखेला गेला. तुला कळवलं नाही, कारण तुला बघून मी थडग्यापाशी काय केलं असतं, मला सांगता येत नव्हतं. तुझ्या आईशेजारी ठेवलाय. पाद्रीबाबा चांगलं बोलले, बोकडाचं मनात ठेवलं नाही. जर्दाळू या वर्षी खूप धरलेत. उतरवायला माणसं नाहीत, झाडाखाली सडा पडलाय.

दुसऱ्या ऑपरेशनला नाही तो म्हणाला, मी नाही. डॉक्टरांनी कागद पुढे केला तर त्याने तो उलटा करून ठेवला.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं, आलं त्याच दिवशी. आम्ही जेवायला बसलो होतो. दोनदा वाचलं, सावकाश. त्याला सगळं कळलं. त्याचे शब्द गेले होते, कळणं गेलं नव्हतं, हे इथे कोणाला पटायचं नाही. त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "गिझीला सांग."

तुझं नाव आलं त्याला. माझं ऑक्टोबरपासून आलं नाही, शेवटपर्यंत आलं नाही. तुझं आलं. मला तेव्हा तुझा इतका राग आला की सुपाचं भांडं उचलून फेकावंसं वाटलं.

"गिझीला सांग, की तिने... की ती..." आणि तिथे अडलं. तोंड उघडं, हात हवेत. मी थांबले. मग मी शब्द पुढे करायला लागले, एरवी करायचे तसेच. म्हटलं, माफ केलं? मान हलवली, नाही. माफ नाही केलं? तरी नाही. येऊ दे? नको येऊ? काम सोडू दे? काम करू दे? चूक तिची नाही? सगळी चूक तिचीच? प्रत्येकाला नाही, नाही. रागावला माझ्यावर, टेबलावर मूठ आपटली, मग डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. सूप गार झालं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. बागेत, गोठ्यात, कुठेही मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "गिझीला सांग." मी कामं टाकून जवळ जायचे. मार्चभर हे चाललं. एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा तो अजून शोधत होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, आज येईल, उद्या येईल, मग लिहीन. मे महिन्यात त्याने शोधणं सोडलं. नंतर तो नुसता झोपून असायचा.

तू वाईट असलं तरी कळव म्हणाली होतीस. वाईट होतं की चांगलं तेही मला सांगता येत नाही. तुझ्यावर राग आहे, तो माझा आहे, त्याचा म्हणून मी तुला पाठवणार नाही. आणि माफीही त्याची म्हणून पाठवणार नाही. खोटं लिहिता आलं असतं. तू लिहिलं होतंस तसं.

मला जेवढे शब्द येतात तेवढे सगळे मी एकेक करून त्याच्यापुढे धरले, गिझी. त्याला हवा होता तो त्यात नव्हता.

इर्मा